आई-बाबांना घेऊन आठ दिवस निवांत: भूमध्य समुद्रातलं कोणतं बेट?

गारवेल
१६ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४२

मंडळी, म्युनिकहून लिहितेय. मे अखेरीस सासू-सासरे इकडे येतायत आणि जूनमध्ये मुलांना पेंटेकॉस्टची दोन आठवडे सुट्टी आहे. त्यातले आठ दिवस सगळ्यांनी मिळून कुठल्यातरी बेटावर जाऊन पडायचं, असं घाटतंय. 'पडायचं' हा शब्द मुद्दाम वापरलाय. २०१९ साली दोघं आले होते तेव्हा आम्ही हौसेने त्यांना अकरा दिवसांत पाच देश दाखवले. त्यातलं आज आईंना काय आठवतं? कुठल्याशा पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाला सत्तर सेंट मोजले ते. पॅरिस आठवत नाही, सत्तर सेंट आठवतात.

तर अटी अशा. आईंचा डावा गुडघा बदललाय. सपाटीवर तुरुतुरु चालतात, पायऱ्या दिसल्या की चेहरा पडतो. बाबांना समुद्र लागतो. उतरायला नाही, नुसता समोर. मूळचे उरणकडचे आगरी, त्यामुळे मासळीबद्दल वेगळं सांगायला नको. आई मात्र माळकरी. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी पाच. नवऱ्याची एकच अट, लॅपटॉप घरी राहील. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर हवं, कारण सकाळचा चहा आई दुसऱ्या कुणाच्या हातचा पीत नाहीत.

सांतोरिनी, मायोर्का, क्रीट, माल्टा एवढी नावं घरात फिरतायत. अनुभवाचे बोल हवेत. 'दहा सर्वोत्तम बेटं' छापाच्या याद्या वाचून डोळे दुखायला लागलेत.

टाकाटाक
१६ फेब्रुवारी, रात्री ११:१५

आठ दिवस एकाच बेटावर?? अहो, तेवढ्यात आम्ही अथेन्स, मिकोनोस, सांतोरिनी आणि परतीला रोम केलं होतं. एवढे पैसे घालून लोळतच पडायचं तर अलिबाग काय वाईट आहे?

उंबरठा
१७ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

@टाकाटाक, धाग्याची पहिली चार वाक्यं वाचा, मग टंका.

गारवेल, सांतोरिनी यंदा तरी खोडा. जानेवारी अखेरपासून तिथे भूकंपाचे धक्के सुरू आहेत, दहा हजारांवर लोक बेट सोडून गेलेत, ६ फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर झालीय. जूनपर्यंत शांत होईलही. पण धक्के नसते तरी मी नकोच म्हटलं असतं. ती गावं ज्वालामुखीच्या कड्यावर टांगलेली आहेत. जुन्या बंदरापासून 'फिरा' नावाच्या गावापर्यंत जवळजवळ सहाशे पायऱ्या. रोपवे आहे, पण क्रूझची जहाजं लागली की त्याची रांग बघून माणूस परत फिरतो. तुमच्या आईंनी आठ दिवस ओट्यावर बसून काढावेत असं वाटत असेल तरच जा.

खडीसाखर
१७ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

क्रीट सुंदर आहे, जेवण तर विचारू नका. पण ते बेट आहे हे तिथे गेल्यावर विसरायला होतं, पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. आम्ही हानियाला राहिलो. तिथून एलाफोनिसीचा किनारा पंच्याहत्तर किलोमीटर, रस्ता घाटाचा, दीड तास धरा. धाकट्याने जाताना एकदा आणि येताना दोनदा गाडी खराब केली. निवांतपणा हवा असेल तर एका गावात खुंटा ठोकून बसायचं आणि बाकीचं क्रीट आहे हे मान्यच करायचं नाही. आम्हाला ते जमलं नाही.

पन्हं
१७ फेब्रुवारी, दुपारी २:०५

माल्टात सहा वर्षं नोकरी केली, आता पुण्यात परत. तुमच्या यादीत माल्टा आहे, पण माल्टात राहू नका. शेजारच्या गोझोला जा.

चौदा किलोमीटर लांब आणि सात रुंद, एवढंच ते बेट. विमानतळ माल्टाला, तिथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला चिरकेवा म्हणून धक्का आहे, तिथे गाडीसकट बोटीत चढायचं आणि पंचवीस मिनिटांत गोझोच्या इमजार बंदरात उतरायचं. जाताना तिकीट नाही. येताना माणशी पावणेपाच युरोच्या आसपास घेतात. म्हणजे परत यायचंच नसेल तर फुकट! गाडी घेणार नसाल तर विमानतळावरून चिरकेव्याला एक्स-१ बस जाते, आणि राजधानी व्हॅलेटाहून थेट गोझोला जलद बोटही आहे, पाऊण तासाची. ती फक्त माणसांची, आणि वारा जोराचा असला की बंद.

राहायला तिथे जुनी शेतघरं मिळतात. पिवळट दगडाच्या जाड भिंती, मधे चौक, बहुतेकांना छोटा तरणतलाव. सहा माणसांना हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं. फक्त एक विचारून घ्या: झोपायच्या खोल्या वर असतात आणि जिना गोल, दगडी, अरुंद असतो. तळमजल्यावर एक खोली आणि *तिच्याच पातळीवर बाथरूम* आहे का, हे शब्दशः विचारा, फोटो मागवा.

वाहतूक डावीकडून, विजेचे प्लग तीन चौकोनी खिळ्यांचे, इंग्रजी सगळ्यांना येतं. १९६४ पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं त्याचे हे उरलेसुरले अवशेष. जर्मनीतले चार्जर चालणार नाहीत, अडॅप्टर न्या.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट, जी मला दोन उन्हाळे वाया गेल्यावर एका कोळ्याने सांगितली. सकाळी उठून आधी वारा कुठून आहे ते बघायचं, मग किनारा ठरवायचा. उत्तर-वायव्येचा वारा असेल तर रामलाची लाल वाळू आणि मार्सालफोर्न विसरा, तिकडे लाटा असतात. दक्षिणेकडच्या श्लेंदीला किंवा इमजार इश-शिनीला जा, पाणी परातीत ठेवल्यासारखं असतं. दक्षिणेचा वारा सुटला की उलट. बेट एवढं छोटं की दुसरी बाजू वीस मिनिटांवर. लोक कुठला किनारा सुंदर यावर भांडत बसतात. त्या दिवशी वाऱ्याआड कुठला आहे, एवढाच प्रश्न असतो.

टाकाटाक
१७ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

गोझो म्हणजे ती समुद्रातली दगडी खिडकी ना? ती तरी बघण्यासारखी आहे. फोटो काढायला एक दिवस पुरे.

पन्हं
१७ फेब्रुवारी, दुपारी ३:४१

ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. आता तिथे फक्त समुद्र आहे. तुमचा तो एक दिवसही वाचला.

उंबरठा
१७ फेब्रुवारी, दुपारी ३:४४

:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

डोंगरमाथा
१८ फेब्रुवारी, रात्री ८:१०

व्हिसाचं कुणी बोललं नाही म्हणून. माल्टा डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, आहे. म्हणजे सासू-सासऱ्यांचा जर्मनीने दिलेला व्हिसा तिथे चालेल, एकदाच प्रवेशाचा असला तरी, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडतच नाही. जास्त मुक्काम जर्मनीतच आहे, त्यामुळे अर्जही तिकडेच करायचा. सायप्रसचं मात्र कुणी सुचवलं तर सावध, ते युरोपियन संघात असूनही शेंगेनमध्ये नाही. तिथे गेलात तर परत येताना एकदाच प्रवेशाचा व्हिसा संपलेला असेल. आमच्या ओळखीत हे झालंय. प्रवास विम्यात सगळे शेंगेन देश आहेत ना ते बघा, आणि पासपोर्ट जवळ ठेवा, नुसतं जर्मनीचं कार्ड पुरत नाही.

गारवेल
२० फेब्रुवारी, रात्री ९:५५

सर्वांचे आभार. घरात मतदान झालं, गोझो. बाबांनी नकाशा बघून विचारलं, "एवढंसं? उरण तालुक्यात मावेल." आणि त्यावरच खूश झाले.

आता पुढचं. आई काय खातील? तेल-मीठ-तिखट मी नेणारच आहे, पण रोज घरी स्वयंपाक करायचा तर मग मी सुट्टीवर कशी?

पन्हं
२१ फेब्रुवारी, दुपारी १:१५

पस्तित्सी. पापुद्र्याची करंजी समजा, एकात ताजं रिकोटा चीज आणि दुसऱ्यात वाटाण्याचं सारण. गरम खायची, कागदात गुंडाळून, उभ्या-उभ्या. आकारावरून आत काय ते ओळखता येतं, पण विचाराच. पिठात कधी कधी चरबीचं मोहन असतं, तेही विचारा. बिगिला म्हणजे वालासारख्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी, पावाबरोबर. कपुनाता ही वांगी-टोमॅटोची भाजी, आईंना आपलीच वाटेल. फ्तिरा नावाचा गोल चपटा पाव माल्टाची ओळख आहे, २०२० मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही गेला. गोझोची फ्तिरा वेगळी, वर बटाट्याचे पातळ काप लावून भट्टीत भाजतात. बिनमाशाची मागा, नाहीतर अँचोव्ही टाकून देतात.

मेंढीच्या दुधाच्या छोट्या छोट्या चीजच्या वड्या मिळतात, जबेयना म्हणतात. मिरी लावलेल्या तर अप्रतिम. पण पारंपरिक पद्धतीत दूध नासवायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तेव्हा माळकरी माणसाला आधी सांगून टाका. नंतर कळण्यापेक्षा बरं.

दुपारी एक ते चार गावं झोपतात. दूध-पाव त्याच्या आत आणून ठेवा.

शब्दवेडा
२१ फेब्रुवारी, रात्री ११:३०

अवांतर होतंय, पण राहवत नाही. माल्टी भाषा मुळात अरबीच्या घराण्यातली, लिपी मात्र रोमन आणि वर इटालियनचा मोठा थर. त्यामुळे मराठी माणसाला तिथे जागोजागी ओळखीचे चेहरे भेटतात. जगाला ते 'दिन्या' म्हणतात, आपली दुनिया. पुस्तक 'क्तीब', आपली किताब. साबण 'सापून'. वांगं 'ब्रुन्जील', म्हणजे आपल्या मेन्यूकार्डावरचं ब्रिंजल. खोलीला 'कामरा'. साखर 'त्सोक्कोर', आणि ही तर आपल्याच शर्करेची पणती, अरबांच्या गलबतातून तिकडे गेलेली.

गोझोला तिथले लोक गोझो म्हणतच नाहीत. 'आउदेश' म्हणतात. कोकणातला माणूस ऐकून म्हणेल, आव, देश? आम्ही तर कोकणचे.

खडीसाखर
२२ फेब्रुवारी, सकाळी ८:००

शब्दवेडा, शेवटचा विनोद माफ केला. बाकी पोस्ट आवडली. वाखूण साठवली आहे.

गारवेल
१३ जून, दुपारी ४:५२

तातडीचं!! श्लेंदीला आहोत. लेकाच्या पोटरीला जेलीफिश लागला, लाल पट्टे उठलेत, रडतोय. जीवरक्षक दिसत नाहीये. काय लावू?

टाकाटाक
१३ जून, दुपारी ४:५५

व्हिनेगर! लगेच व्हिनेगर ओता. नाहीतर गोड्या पाण्याने धुवा.

पन्हं
१३ जून, दुपारी ४:५८

दोन्ही नको! गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. समुद्राच्याच पाण्याने धुवा. घासू नका, वाळू चोळू नका. तंतू चिकटलेले असतील तर कार्डाच्या कडेने अलगद काढा. कुठल्याही उपाहारगृहात खायचा सोडा मिळेल, समुद्राच्या पाण्यात कालवून लेप द्या. व्हिनेगर दुसऱ्या काही जातींना चालतो, भूमध्यातल्या त्या जांभळट ठिपक्यांच्या जेलीफिशला उलट त्रास होतो. ओठ-चेहरा सुजला किंवा धाप लागली तर मात्र थांबू नका, ११२. इस्पितळ व्हिक्टोरियाला आहे, दहा मिनिटं.

गारवेल
१३ जून, संध्याकाळी ६:२०

सोडा मिळाला. उपाहारगृहातल्या बाईंनी विचारायच्या आधीच वाटीत कालवून आणला, म्हणजे रोजचंच असावं. आता तो आइस्क्रीम खातोय आणि बहिणीला पट्टे दाखवून भाव खातोय. पन्हं, तुमचे उपकार.

उंबरठा
१३ जून, संध्याकाळी ६:४०

हुश्श. वृत्तान्त हवाय आता. आणि फोटोंशिवाय वृत्तान्त म्हणजे फाऊल, नियम माहीत आहे ना?

गारवेल
२९ जून, रात्री १०:१०

वृत्तान्त. फोटो पहिल्या प्रतिसादात टाकेन, मुलांचे चेहरे झाकायचे आहेत.

१० जूनला निघालो आणि विमानात बसल्यावर कळलं, आज वटपौर्णिमा. कळलं मला, आईंना माहीत होतंच. उपास होता, पिशवीत सूत होतं, हळदीकुंकवाची डबी होती. फक्त वड नव्हता. अडीच तास विमान, मग गाडी, मग बोट, चारला घरी पोचलो. शेतघराच्या चौकात मधोमध एक जुनं अंजिराचं झाड, खोड पांढरटलेलं, पानं हाताच्या पंजाएवढी. आई चपला काढून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आई, वड आणि अंजीर एकाच कुळातले, चुलत भावंडंच. त्या म्हणाल्या, "तू शास्त्र नको सांगूस, पाण्याचा तांब्या आण." सात फेरे झाले. सातव्या फेऱ्याला लक्षात आलं की शेजारच्या गच्चीवरून एक सत्तरीच्या बाई कठड्याला हात टेकून सगळं बघतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाटकात हजर. हातात ताटलीभर जबेयना आणि दहा-बारा लिंबं. झाडाला सूत का गुंडाळलं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. त्यांनी बाबांकडे खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मग लागू पडतंय." आईंनी जबेयना नम्रपणे नाकारल्या (पन्हं, बरं झालं आधी सांगितलंत), लिंबं घेतली. त्याच झाडाची पहिली अंजिरं सेंट जॉनच्या सणाला, म्हणजे २४ जूनच्या सुमारास पिकतात, असं त्या सांगत होत्या. आम्ही तोवर नव्हतो. सूत मात्र तसंच ठेवलंय, त्या म्हणाल्या काढणार नाही.

घराबद्दल तक्रार एक. तळमजल्यावरची खोली होती, पण तिचं बाथरूम चार पायऱ्या वर. फोटोत त्या पायऱ्या शिताफीने कोपऱ्याबाहेर ठेवलेल्या. मी 'त्याच पातळीवर' हे शब्द लिहून विचारलं होतं, उत्तर 'हो' आलं होतं. भांडायला गेले तर पुन्हा तेच, चार पायऱ्या म्हणजे काही जिना नव्हे. बाबांनी बाजारातून दोर आणून दारच्या कड्यांना आवळून कठडा केला, गाठ कोळ्याची. आईंचं भागलं.

पाहिलं फार थोडं. शाआऱ्याच्या जगान्तिया मंदिरांना गेलो, इ.स.पूर्व ३६०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहून हजारेक वर्षं जुनी. लेकीला त्यात रस नव्हता, दंतकथेत होता: एका राक्षसिणीने पोर खांद्यावर घेऊन, वाल आणि मध खाऊन ते धोंडे रचले. दोन दिवस तिने वालाशिवाय काही मागितलं नाही. व्हिक्टोरियाचा किल्ला मुलाला आवडला. आई खाली चौकात कॉफी घेत बसल्या, आम्ही वर. १५५१ साली तुर्कांच्या स्वारीत या बेटावरची जवळजवळ सगळी माणसं, पाच-सहा हजार, गुलाम म्हणून पकडून नेली. त्यानंतर १६३७ पर्यंत रात्री सगळ्यांनी किल्ल्यात येऊन झोपायचं असा कायदा होता. मुलगा म्हणाला, रोज रात्री सगळा गाव गडावर? आणि शाळा? शेजारच्या कोमिनो बेटावरच्या निळ्या खाडीला गेलो नाही. यंदापासून आधी वेळ राखावी लागते, आणि तिथून आलेल्या पर्यटकांचे भाजलेले चेहरे बोटीवर बघितले होते.

गावांतून फिरताना एक गंमत. दारांवर घरांची नावं: कुठे ऑस्ट्रेलियाचं, कुठे 'गॉड ब्लेस अमेरिका', एका दारावर दगडात कोरलेला कांगारू. परदेशी जाऊन कमावलं आणि परत येऊन घर बांधलं. नवरा म्हणाला, आपल्याकडे मुंबईच्या मनीऑर्डरींवर उभी राहिलेली घरं आहेत ना, तीच ही.

आता मिठाचं सांगते. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

चौथ्या दिवशी सकाळी दक्षिणेचा वारा होता, म्हणून उत्तरेला मार्सालफोर्नला गेलो. तिथून किनाऱ्याने सपाट रस्ता श्वेयनीपर्यंत जातो, आईंनाही झेपला. वळण संपलं आणि समोर मिठागरं. किनाऱ्याच्या खडकातच चौकोनी वाफे कोरलेले, शेकडो, पार लांबवर, तळाशी पांढरी साय. साडेतीनशे वर्षांपासूनची आहेत म्हणे. बाबा थांबले. मग काही न बोलता रस्ता सोडून खाली उतरले. तिथे एक मध्यमवयीन गृहस्थ मोठ्या झाडूने मीठ एका कडेला लोटत होते. बाबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

बाबांचं लहानपण मिठागरावर गेलंय. त्यांचे वडील आगरावर राबायचे. ते आगर पुढे नवी मुंबईच्या संपादनात गेलं, बाबा कंपनीत लागले. घरात हा विषय कधी निघत नाही; लग्नाला चौदा वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडून मिठाबद्दल एक वाक्य ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी वाकून चिमूटभर उचललं, दोन बोटांत चुरडलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "ह्या त आपलाच काम हाय."

मग गप्पा सुरू झाल्या. बाबांना इंग्रजी बेताचं, त्या गृहस्थांना मराठी नाही, मी मधे दुभाषी, पण दोन मिनिटांत माझी गरजच संपली. हातांनीच चाललं होतं. तिकडे समुद्राचं पाणी वाफ्यात सोडायचं, उन्हात आठवडाभर आटू द्यायचं, मग झाडून गोळा करायचं. मे ते सप्टेंबर हंगाम. बाबांनी दाखवलं, आमच्याकडे तळ चिखलाचा. पाऊस संपला की तो पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, सगळ्या घराने मिळून, नाहीतर मीठ काळं येतं. हे सांगताना ते त्या खडकावर खरोखरच पाय आपटून तुडवून दाखवत होते, सत्तरीचा माणूस, अर्धी पँट, डोक्यावर नातवाची टोपी. गृहस्थ हसले आणि झाडू त्यांच्या हातात दिला. बाबांनी एक वाफा पूर्ण झाडला. कडेला ढीग केला, झाडूच्या पाठीने थोपटून त्याला शेंडा दिला. मुलगा शेजारी उकिडवा बसून होता. "आजोबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" बाबा म्हणाले, "शिकवतंय कोन? पोटाला लागलं की येतं."

पुढचे चारही दिवस सकाळी वारा कुठलाही असो, बाबा श्वेयनीला. नवरा गाडीने सोडून यायचा, दहाला आणायला जायचा. पन्हं, तुमचा वाऱ्याचा नियम आम्ही फक्त पोहायला वापरला.

शब्दवेडा
२९ जून, रात्री १०:५८

वाचून गप्प बसलोय. आगरी ते आगर-वाले, हे कोशात वाचलं होतं.

खडीसाखर
३० जून, सकाळी ७:३०

आमच्या आजोळी पेणला अशीच मिठागरं होती, आता तिवरं वाढलीत. बाबांना नमस्कार सांगा.

टाकाटाक
३० जून, सकाळी ९:०५

बरं, मान्य. अलिबाग मागे घेतो. एक शंका, मीठ आणलंत का? विमानात चालतं?

गारवेल
३० जून, रात्री ९:२०

चार किलो, सामानात टाकायच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत पांढरी पूड घेऊन सुरक्षा तपासणीला उभं राहायची माझी हिंमत नव्हती. त्या गृहस्थांनी दोनाचेच पैसे घेतले.

आईंनी शेजारच्या बाईंच्या लिंबांचं लोणचं घातलंय त्या मिठात. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. म्युनिकचं ऊन तासातासाला जागा बदलतं, बाबा दिवसातून पाच वेळा उठून बरणी सरकवतात. फोटो वर टाकलेत.